अल्कली खडक कुठून येतात? अंबाडोंगर, मैनपूर आणि मधे आपलं नागपूर

(नागपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

सुरुवात सीताबर्डीच्या टेकडीपासून करू. टेकडीचा माथा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. इथून पश्चिमेला निघालात तर वर्धा, अमरावती, अकोला, पार मुंबईपर्यंत हाच खडक सोबतीला असतो. पूर्वेला निघालात तर शहर संपता संपताच तो संपतो आणि खालचा जुना नाईस उघडा पडतो. आपण दख्खनच्या लाव्हाच्या अगदी काठावर राहतो. एकेकाळी या लाव्हाने व्यापलेलं क्षेत्र आज दिसतं त्याहून बरंच मोठं होतं. पण आज उरलेलंच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे.

आजचा विषय मात्र हा बेसाल्ट नाही. या प्रचंड पसाऱ्यात आणि त्याच्या कडेला काही छोटी छोटी, विचित्र रसायन असलेली अंतर्वेशनं आहेत, म्हणजे जमिनीच्या आत घुसून तिथेच थिजलेला शिलारस. त्यांना अल्कली खडक म्हणतात. नागपूरहून पश्चिमेला साधारण ५०० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तरेला, आपल्या नंदुरबारच्या सातपुड्यासमोर गुजरातमध्ये अंबाडोंगर आहे. पूर्वेला तीन-साडेतीनशे किलोमीटरवर, रायपूरच्या पलीकडे, छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात मैनपूर आहे. एका ठिकाणी चुनखडीसारखा दिसणारा खडक चक्क शिलारसातून तयार झालाय, दुसऱ्या ठिकाणी हिरे आहेत. दोन्हींचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे सीताबर्डीच्या दगडाइतकंच! दोन्ही टोकांना एकाच वेळी असं काय घडत होतं, आणि त्यावरून दख्खनच्या लाव्हाबद्दल काय कळतं, हे आज बघायचंय.

आधी ‘अल्कली’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण इथे घोटाळा फार होतो. अल्कली खडक म्हणजे चवीला खारट खडक नव्हे, किंवा नुसता सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला खडकही नव्हे. ग्रॅनाइटमध्येही सोडियम-पोटॅशियम भरपूर असतं, पण तिथे त्यांना पुरेल इतकी सिलिका असते. सोडियम, अॅल्युमिनियम आणि भरपूर सिलिका मिळाली की अल्बाइट नावाचं फेल्डस्पार तयार होतं. सिलिका कमी पडली तर फेल्डस्पारचं काम अर्धवट राहतं आणि त्याच्या जागी नेफेलीन हे खनिज तयार होतं. हिशेब सोपा आहे: नेफेलीनच्या एका रेणूला सिलिकाचे दोन रेणू मिळाले की त्याचा अल्बाइट होतो. म्हणून नेफेलीन आणि क्वार्ट्झ एका खडकात गुण्यागोविंदाने राहू शकत नाहीत. क्वार्ट्झ म्हणजे शिल्लक राहिलेली सिलिका. घरात शिल्लक असेल तर उधारी कशाला राहील?

तर, अल्कली खडक म्हणजे सिलिकाच्या उधारीवर चालणारे खडक. आपला नेहमीचा दख्खनचा बेसाल्ट, ज्याला थोलिआइट म्हणतात, त्याच्यावर ही उधारी नसते.

आता खरा प्रश्न. वरचं कवच आणि खालचं प्रावरण, यांत प्रावरण सगळीकडे बऱ्यापैकी सारखंच असतं, पेरिडोटाइट नावाचा हिरवट जड खडक. मग त्याच प्रावरणातून एकदा थोलिआइट आणि एकदा नेफेलीनवाला शिलारस कसा येतो?

इथे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी एक उदाहरण देतो. नागपूरच्या उन्हाळ्यात लहानपणी आपण सगळ्यांनी प्लास्टिकच्या नळीतलं गोठवलेलं सरबत खाल्लंय, ज्याला आपण ‘पेप्सी’ म्हणायचो. आठवतं? पहिला घोट सगळ्यात गोड आणि सगळ्यात रंगीत. शेवटी हातात उरतो तो पांढरा, बेचव बर्फ. कारण साखरेला आणि रंगाला बर्फाच्या स्फटिकात जागा नसते. वितळायला सुरुवात झाली की तेच आधी बाहेर पडतात. प्रावरणाचंही असंच आहे. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम, नायोबियम, लॅन्थॅनम ही मूलद्रव्यं प्रावरणातल्या खनिजांच्या जाळीत नीट बसत नाहीत. खडक जरा वितळला, शंभरातला एखादा भाग, की ती त्या पहिल्या घोटात उतरतात.

आकडे घेऊन बघू. मूळ प्रावरणात लॅन्थॅनम दर दशलक्ष भागांत जेमतेम ०.६५ भाग असतं असं धरतात. खडक १० टक्के वितळला आणि सगळं लॅन्थॅनम द्रवात गेलं, तर द्रवात ते दहापट होईल, ६.५. एकच टक्का वितळला तर शंभरपट, ६५. प्रत्यक्षात थोडं मागे राहतं, पण अंदाज बरोबर दिशेला जातो. म्हणून जास्त वितळून आलेला थोलिआइट हा पातळ झालेल्या सरबतासारखा, आणि अल्कली शिलारस हा पहिला, घट्ट घोट. साहजिकच तो आकाराने छोटा असतो. दख्खनमध्ये थोलिआइटचे डोंगरच्या डोंगर आणि अल्कली खडकांचे मात्र ठिपके का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं उत्तर खोलीत आहे. प्रावरणात साधारण ७५-८० किलोमीटरच्या खाली गार्नेट हे खनिज टिकून असतं. गार्नेटला हलक्या लॅन्थॅनमशी देणंघेणं नाही, पण त्याच कुटुंबातलं जड यटर्बियम मात्र ते घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे खोलवर, गार्नेटच्या सोबतीने वितळलेल्या शिलारसात लॅन्थॅनम खूप आणि यटर्बियम कमी येतं. प्रयोगशाळेत हे गुणोत्तर चढं दिसलं की आम्ही म्हणतो, हा माल खालून आलाय. दाब वाढला की पहिल्या वितळीत सिलिका कमी येते, आणि सोबत कार्बन डायऑक्साइड असेल तर आणखीच कमी. म्हणजे थोडं वितळणं, खोल वितळणं, आणि कार्बन डायऑक्साइडची सोबत, हे तिन्ही एकत्र आले की सिलिकाची उधारी ठरलेली.

पण एवढ्यानेही भागत नाही. अंबाडोंगरच्या खडकांत रेअर अर्थ, म्हणजे लॅन्थॅनम-सिरियम वगैरे मंडळी, इतकी जास्त आहेत की साध्या प्रावरणाचा पहिला घोट घेऊनसुद्धा तिथवर पोचता येत नाही. मग असं मानावं लागतं की खालच्या खडकात आधीच कोणीतरी मसाला भरून ठेवला होता. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो ना, तसं. ओल वर चढते, क्षार भिंतीत साठत जातात, वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आणि एक दिवस पोपडे निघतात. खंडाच्या खालचं शिलावरण म्हणजे ती भिंत. त्यात खालून कार्बनयुक्त आणि पाणीयुक्त द्रव कोट्यवधी वर्षं झिरपत राहतात आणि अभ्रक, अँफिबोल, अॅपेटाइट अशा खनिजांच्या शिरा तयार होतात. या शिरा बाकीच्या पेरिडोटाइटच्या आधी वितळतात. थोडी उष्णता वाढली किंवा वरचा भाग ताणला गेला, तरी पुरे.

हे ‘किंवा’ लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्या एका शब्दावर आहे.

आता अंबाडोंगरला जाऊ. १९६३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले आर. एन. सुखेश्वाला आणि जी. आर. उदास यांनी इथला खडक कार्बोनेटाइट असल्याचं प्रसिद्ध केलं. कार्बोनेटाइट म्हणजे निम्म्याहून जास्त कार्बोनेट खनिजांनी बनलेला अग्निज खडक. तोवर जगातसुद्धा या खडकावरची शंका नुकतीच मिटत होती. १९६० मध्ये टांझानियातल्या ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून कार्बोनेटचा लाव्हा वाहतो, हे जे. बी. डॉसन यांनी दाखवून दिलं होतं. तो लाव्हा जेमतेम ५००-६०० अंश सेल्सिअसचा. आपल्या बेसाल्टचा ११००-१२०० असायचा. म्हणजे अंबाडोंगर ओळखलं गेलं ते अगदी ताज्या ज्ञानावर, आणि मुंबईतल्या एका महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा होता, याचं आम्हाला आजही कौतुक वाटतं.

हा खडक फसवा आहे. आमच्याच एका सहलीत विद्यार्थ्यांनी त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, फसफसलं, आणि बहुतेकांनी वहीत ‘चुनखडी’ लिहून पान उलटलं. त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्याच परिसरात बाघचे थर आहेत, त्यांत खरीखुरी सागरी चुनखडी आहे. इथे नागपूरजवळही लॅमेटाच्या थरांत चुनखडी सापडते, ती पण तशीच फसफसते. मग फरक कसा करायचा? भिंगातून बघा. कार्बोनेटाइटमध्ये अॅपेटाइट, मॅग्नेटाइट, पायरोक्लोर असे दाणे दिसतील, जे तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्यात तसे येत नाहीत. आणि खात्री करायची तर रसायन. साध्या चुनखडीत रेअर अर्थ सगळी मिळून दर दशलक्ष भागांत काही दहा भाग असतात, कार्बोनेटाइटमध्ये हजारांत. स्ट्रॉन्शियम आणि नायोबियमचंही तसंच. हा फरक इतका मोठा आहे की यंत्र थोडं बिघडलेलं असलं तरी गफलत व्हायची नाही.

अंबाडोंगरची रचना वर्तुळाकार आहे. कार्बोनेटाइटचं एक कडं आहे, भोवतीच्या वालुकाश्मावर त्या गरम, सोडियम-पोटॅशियमने भरलेल्या द्रवांनी हल्ला केला आणि त्याचा फेनाइट नावाचा वेगळाच खडक करून टाकला. क्वार्ट्झची वाळू होती तिथे अल्कली फेल्डस्पार आलं. नंतरच्या थंड होत आलेल्या द्रवांनी फ्लोराइट साठवलं. ते साठे १ कोटी टनांहून जास्त आहेत आणि त्यात कॅल्शियम फ्लोराइडचं प्रमाण सरासरी ३० टक्के. कडीपाणीला गुजरात खनिज विकास महामंडळाचा प्रकल्प आहे तो यासाठीच. जवळच नेफेलिनाइटही सापडतो, आणि तिथे एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. कार्बनने भरलेला अल्कली शिलारस वर येताना थंड होतो, तेव्हा तो फोडणीतल्या तेल-पाण्यासारखा दोन द्रवांत फुटू शकतो, एक सिलिकेटचा आणि एक कार्बोनेटचा. अंबाडोंगरला नेफेलिनाइट आणि कार्बोनेटाइट शेजारी का, याचं हे सध्याचं बरंचसं मान्य उत्तर आहे.

इथे कोणीतरी नक्की विचारतं, आजही विचाराल: हे सगळं रसायन वर येताना कवचातल्या खडकांनी तर बिघडवलं नसेल? प्रश्न रास्त आहे. दख्खनच्या लाव्हांमध्ये असं झालंय. स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं गुणोत्तर बघितलं तर महाबळेश्वरकडच्या आंबेनळी थरांत ते ०.७०४ च्या आसपास, म्हणजे स्वच्छ प्रावरणासारखं. पण बुशे थरांत ते ०.७१३ आणि त्यावर जातं, कारण त्या शिलारसाने वाटेत जुना ग्रॅनाइटी खडक गिळला. अंबाडोंगरच्या कार्बोनेटाइटमध्ये ते ०.७०५ ते ०.७०६ आहे. आंबेनळीपेक्षा थोडं वर. पण कार्बोनेटाइटमध्ये स्ट्रॉन्शियम मुळातच इतकं ठासून भरलेलं असतं की कवचातला थोडा खडक मिसळला तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही. समुद्रात मिठाची पुडी टाकल्यासारखं. म्हणून तो वाढीव आकडा बऱ्याच अंशी खालच्या त्या लोणा लागलेल्या भिंतीचा आहे, असं आमचं मत. बेसाल्टकडून असं सरळ उत्तर मिळत नाही. छोट्या अल्कली खडकांमागे एवढी धावपळ करण्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण, हे शिलारस प्रवासी घेऊन येतात. रायगडच्या किनाऱ्यावर मुरूड-जंजिऱ्याला लाव्हा फोडून वर आलेल्या लॅम्प्रोफायरच्या भित्ती आहेत. गोवा विद्यापीठाचे ए. जी. देसाई आणि सहकाऱ्यांनी त्यांतून कवचाच्या तळाचे आणि वरच्या प्रावरणाचे तुकडे काढून दाखवले. हे तुकडे शिलारसापेक्षा जड असतात. प्रवास रमतगमत झाला असता तर वाटेतच बुडाले असते. म्हणजे शिलारस काही तासांत, फार तर काही दिवसांत वर आला. मैनपूरच्या बेहराडीहचा खडक किंबरलाइट कुळातला आहे, तोही असाच, फक्त त्याने हिरे आणले. हिरा टिकायला साधारण १५० किलोमीटर खोली आणि त्या मानाने थंड शिलावरण लागतं. बेहराडीहचं वय २०१० मध्ये सुमारे ६.५ कोटी वर्षं असं प्रसिद्ध झालं. याचा अर्थ, पश्चिमेला लाव्हा ओतला जात होता त्याच सुमारास नागपूरच्या पूर्वेला जमिनीखाली जाड, थंड बूड शाबूत होतं. लाव्हा आपल्याच काठावर का संपतो, याचा विचार करताना ही जाडी विसरून चालणार नाही. अर्थात काही लाव्हा झिजूनही गेलाय, तेव्हा सगळं श्रेय जाडीला नको.

आता ‘किंवा’कडे येऊ.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. प्रावरणाच्या खोल भागातून उष्ण खडकाचा स्तंभ, प्लूम, वर आला, भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता, ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला. आणि तोच स्तंभ आज रियुनियन बेटाखाली आहे. १९९३ मध्ये असीश बसू आणि सहकाऱ्यांनी या गोष्टीला एक सुंदर प्रस्तावना जोडली. राजस्थानातल्या मुंडवाडा आणि सरनू-दंडाली इथल्या अल्कली खडकांचं वय त्यांना ६.८५ कोटी वर्षं मिळालं, आणि गुजरातमधल्या फेणाई मातेचं ६.५ कोटी. म्हणजे मुख्य लाव्हाच्या आधी एक अल्कली फेरी, नंतर एक. शिवाय त्या आधीच्या खडकांतल्या खनिजांत हेलियम-३ चं हेलियम-४ शी गुणोत्तर हवेतल्यापेक्षा १३.९ पटींपर्यंत मिळालं. हेलियम-४ युरेनियम-थोरियमच्या क्षयातून सतत बनत राहतं. हेलियम-३ मात्र बहुतांशी पृथ्वीच्या जन्मापासूनचं. मध्यसागरी पर्वतरांगांवर हा आकडा आठच्या आसपास असतो. चौदा म्हणजे खोलचा, जुना साठा. चित्र पक्कं झालं: स्तंभाचं डोकं वर येऊ लागलं, आधी थोडं वितळलं म्हणून अल्कली, मग धो धो वितळलं म्हणून थोलिआइट, शेवटी पुन्हा थोडं. आम्हीही बरीच वर्षं वर्गात फळ्यावर हेच काढलं.

२०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या हेतु शेठ, कांचन पांडे आणि सहकाऱ्यांनी याच दोन ठिकाणांची पुन्हा वयं काढली. पद्धत आर्गॉनची. अल्कली खडकात पोटॅशियम भरपूर, पोटॅशियम-४० चा आर्गॉन-४० होतो, त्यामुळे हे खडक स्वतःच चांगली घड्याळं आहेत. सरनू-दंडालीला त्यांना तीन वेगवेगळे काळ मिळाले: एक त्याहून जुना, अर्ली क्रेटेशसचा; एक ८.९ ते ८.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे मादागास्कर भारतापासून सुटलं त्या सुमाराचा. आणि एक ६.६ कोटींचा, दख्खनचा. मुंडवाड्यातही १० कोटी वर्षांहून जुन्या काळापासून पॅलिओजीनपर्यंत पुन्हा पुन्हा शिलारस आलेला दिसला. ज्या टेकड्यांना आपण एका घटनेची निशाणी समजत होतो, त्या एका घटनेच्या नव्हत्याच. एकाच जागेतून चार-पाच कोटी वर्षं थांबून थांबून माल येत राहिला.

याचा अर्थ काय लावायचा? दख्खनचा स्तंभ १० कोटी वर्षांपूर्वी तिथे नव्हता, हे उघड आहे. तेव्हा निदान त्या जुन्या फेऱ्यांसाठी दुसरं कारण हवं: जमीन ताणली गेली, खालची लोणा लागलेली भिंत थोडी वितळली, अल्कली शिलारस जुन्या भेगांतून वर आला. आणि जर हे एकदा, दोनदा स्तंभाशिवाय होऊ शकलं, तर तिसऱ्यांदा स्तंभ लागलाच हे नुसत्या अल्कली खडकाच्या हजेरीवरून म्हणता येत नाही. आमच्या फळ्यावरचं चित्र आम्ही त्यानंतर पुसलं. थोडं जड गेलं, खोटं का बोला.

पण स्तंभच नव्हता, असंही यातून सिद्ध होत नाही. हेलियमचा तो आकडा तिथेच आहे, कोणी खोडलेला नाही. आणि थोड्या काळात एवढा थोलिआइट बाहेर पडायला नेहमीपेक्षा जास्त उष्णता लागते, हेही खरं. पडला तो एवढाच भाग: ‘अल्कली खडक म्हणजे प्लूमची वर्दी’.

शेवटी मघाशी चिठ्ठीवर आलेल्या प्रश्नाकडे येतो: मग यापुढे करायचं काय? आमच्या मते काम एकच आहे आणि ते कंटाळवाणं आहे. मुंडवाडा, सरनू-दंडाली इथल्या प्रत्येक वेगळ्या अंतर्वेशनाचं वय आणि हेलियम एकाच तुकड्यावर मोजायचं. एका भित्तीचं वय आणि दुसऱ्या भित्तीचं हेलियम, दोन्ही एकाच गावचे म्हणून जोडून चालणार नाही. १० कोटी वर्षांच्या तुकड्यातही तेच चढं हेलियम मिळालं तर ते दख्खनच्या स्तंभाचं नाही, जुन्या शिलावरणात कुठून आलं ते शोधावं लागेल. फक्त ६.६ कोटीच्या तुकड्यात मिळालं, तर फळ्यावर पुन्हा स्तंभ काढायला आम्ही तयार आहोत. पुढच्या वेळी येताना मुरूडच्या भित्तीचा तुकडा आणू, भिंगही आणू. ज्यांना बघायचंय त्यांनी थोडं लवकर या.